अर्धवेळ काम : विचारावे केव्हा, ठरवावे कसे?

(आचरा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या माणसाच्या मनात अनेक प्रश्न असतात. पगार किती, ठिकाण कोणते, काम कसे, वरिष्ठ कसे, हे सारे तो कोणा ना कोणाला विचारून घेतो. एक प्रश्न मात्र ओठांशी येऊन परत फिरतो. ‘दिवसाचे चारच तास देता येतील, चालेल काय?’ हा तो प्रश्न होय. तो आधी विचारावा तर अर्ज बाजूला पडेल, ही भीती. आणि मागाहून विचारावा तर फसविल्याचा ठपका येईल, ही धास्ती. या दोहोंच्या कात्रीत सापडून अनेकजणी अर्जच करीत नाहीत, किंवा पूर्णवेळ काम पत्करतात आणि दोन-तीन महिन्यांत ते सोडून घरी बसतात. दोन्ही प्रकारांत घराचे नुकसान होते आणि गावाचेही होते. म्हणूनच या प्रश्नाची योग्य वेळ कोणती, याचा विचार शिक्षकांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी करणे अगत्याचे आहे. कारण गावातील माणूस अर्ज लिहिताना सल्ल्यासाठी प्रथम त्यांच्याच दाराशी येतो.

घराचे वेळापत्रक

आचऱ्यासारख्या किनाऱ्यावरील गावात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. येथील घरांचे उत्पन्न एका वाटेने येत नाही. थोडी भातशेती, माड-पोफळी, आंबा-काजूची कलमे, मासळीचा व्यवहार, मुंबईच्या चाकरमान्याने पाठविलेले पैसे आणि अलीकडच्या काळात पर्यटकांची न्याहारी-निवासाची सोय, असे अनेक धागे एकत्र विणून घर चालते. प्रत्येक धाग्याचा हंगाम वेगळा. जून-जुलैत लावणी असते आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. पावसाळा सरता सरता भातकापणी येते. फाल्गुन-चैत्रापासून काजू व आंबा यांची धांदल सुरू होते आणि मे महिन्यात चाकरमानी व पर्यटक एकाच वेळी येतात. या सर्वांच्या जोडीला घरातील वृद्धांची शुश्रूषा आणि मुलांची शाळा असतेच.

अशा घरातील स्त्रीपाशी किंवा तरुणापाशी वेळ असतो, पण तो तुकड्यांनी असतो. सकाळी दहा ते दोन मोकळे, संध्याकाळी नाही. पावसाळ्यात मोकळीक, मे महिन्यात नाही. या माणसांना अर्धवेळ काम हवे असते ते आळसापोटी नव्हे. घराच्या इतर धाग्यांना धक्का न लावता रोख रकमेचा एक धागा वाढवावयाचा असतो म्हणून. ही गोष्ट ध्यानी घेतली, म्हणजे कमी तासांची मागणी करताना संकोच वाटण्याचे कारण उरत नाही.

पहिला विचार : तास कोण ठरवितो?

केव्हा विचारावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो. त्या पदाचे तास ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे? या दृष्टीने नोकऱ्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील पदांचे तास नियमांनी आधीच ठरलेले असतात. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते बदलता येत नाहीत. दुसऱ्या वर्गातील कामांचे तास समोर बसलेला मालक, संस्थेचा सचिव किंवा व्यवस्थापक स्वतःच्या अखत्यारीत ठरवू शकतो. पहिल्या वर्गात विचारणा अर्जापूर्वी करावयाची असते. दुसऱ्या वर्गात ती निवड झाल्यावर, पण होकार देण्यापूर्वी करावयाची असते. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

नियमांनी ठरलेले तास

पहिल्या वर्गाचे उत्तम उदाहरण म्हणजे ग्रामीण डाकसेवक. खेड्यातील शाखा डाकघर पूर्ण दिवस चालविण्याइतके काम नसते, म्हणून टपाल खात्याने ब्रिटिश काळापासूनच गावातीलच एखाद्या व्यक्तीकडे काही तासांपुरते काम सोपविण्याची पद्धत ठेवली. पूर्वी या सेवकांना विभागेतर कर्मचारी म्हणत. कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींनंतर २०१८ साली केंद्र सरकारने त्यांच्या भत्त्याची फेररचना केली आणि कामाचे चार तास व पाच तास असे दोनच टप्पे ठेवले. शाखा डाकपालास चार तासांसाठी दरमहा किमान १२,००० रुपये व पाच तासांसाठी १४,५०० रुपये, तर सहायक शाखा डाकपाल व डाकसेवक यांना अनुक्रमे १०,००० व १२,००० रुपये अशी ती रचना होती. महागाई भत्ता वेगळा.

या भरतीत निवड दहावीच्या गुणांवरून होते, मुलाखत नसते. त्यामुळे ‘तासांचे बोलणे केव्हा काढू?’ असा प्रश्नच उद्भवत नाही. बोलणे काढण्यास समोर कोणी नसते. जे काही आहे ते जाहिरातीत व नियमांत असते. शिवाय येथे एक अट अशी आहे, की तिच्याकडे उमेदवारांचे हटकून दुर्लक्ष होते. डाकसेवकाला या भत्त्याखेरीज उपजीविकेचे अन्य साधन असावे लागते आणि तसे लिहून द्यावे लागते. म्हणजेच खात्याने स्वतःच मान्य केले आहे की हे काम घराच्या अनेक धाग्यांपैकी एक आहे. ज्याला या एकाच कामावर संसार चालवावयाचा आहे त्याने, आणि ज्याला सेवेच्या गावी राहणे शक्य नाही त्यानेही, अर्ज भरण्यापूर्वीच या अटींचा विचार केला पाहिजे. निवड झाल्यावर ‘हे ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याने काही साधत नाही.

हीच गोष्ट आरोग्य उपकेंद्रांतील अर्धवेळ स्त्री परिचर, शाळांतील अर्धवेळ ग्रंथपाल आणि महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील अध्यापक यांची आहे. पद ज्या स्वरूपात मंजूर झाले, त्याच स्वरूपात ते भरले जाते. ‘आज अर्धवेळ लागू, उद्या आपोआप पूर्णवेळ होऊ’ ही आशा मनात धरून अनेकजण अशा पदांवर वर्षानुवर्षे राहतात. कायद्याची भूमिका याबाबत कठोर आहे. चंडीगढ येथील एका टपाल कार्यालयातील अंशकालीन सफाई कामगारांच्या प्रकरणात, केंद्र सरकार विरुद्ध इल्मो देवी या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी स्पष्ट केले की, मंजूर पदावर नसलेल्या अंशकालीन कर्मचाऱ्यांना सेवेत कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही. ज्याला पूर्णवेळ नोकरीच हवी आहे, त्याने अर्धवेळ पद ही तिची पहिली पायरी समजू नये.

नाव अर्धवेळ, काम पूर्णवेळ

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कागदावर अर्धवेळ असलेले काम प्रत्यक्षात किती वेळ घेते, याची चौकशीही अर्जापूर्वीच करावयाची असते. अंगणवाडीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी सेविका ही मानधनावर काही तास काम करणारी गावातील स्वयंसेविका, अशी कल्पना होती. पुढे पूरक आहार, वजन-उंचीच्या नोंदी, गृहभेटी, लसीकरणास साहाय्य, नोंदवह्या आणि नंतर भ्रमणध्वनीवरील माहिती, अशी कामे वाढत गेली. गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या उपदानाच्या प्रकरणात, २५ एप्रिल २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदानाचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. त्यांच्यावरील जबाबदाऱ्या पाहता हे काम अर्धवेळ आहे हे म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही.

अर्धवेळ स्त्री परिचरांच्या संघटनांनीही नाव अर्धवेळ असून काम दिवसभराचे असल्याची तक्रार शासनापुढे वारंवार मांडली आहे. म्हणून अशा पदासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या स्त्रीने जाहिरातीबरोबरच, ते काम करीत असलेल्या किंवा पूर्वी केलेल्या एखाद्या ताईंना गाठावे आणि सकाळी घराबाहेर केव्हा पडता, परत केव्हा येता, घरी आल्यावर किती नोंदी कराव्या लागतात, हे विचारून घ्यावे. असे विचारण्याने कोणाचा अवमान होत नाही आणि अर्जावरही परिणाम होत नाही.

केलेल्या अर्धवेळ कामाचा लाभ

पूर्वी केलेल्या अर्धवेळ कामाचा उल्लेख करण्याचीही एक वेळ असते. महाराष्ट्रात सुशिक्षित बेरोजगारांसाठीच्या योजनेखाली अनेक पदवीधरांनी शासकीय कार्यालयांत तीन वर्षांपर्यंत दरमहा मानधनावर अंशकालीन काम केले. अशा पदवीधर अंशकालीन उमेदवारांसाठी शासकीय भरतीत १० टक्के समांतर आरक्षण ठेवण्यात आले आणि त्यांच्यासाठी कमाल वयोमर्यादा ५५ वर्षांपर्यंत शिथिल करण्यात आली. या लाभासाठी त्या अनुभवाची नोंद रोजगार मार्गदर्शन केंद्रात असावी लागते आणि अर्जातच तसा दावा करावा लागतो. ‘निवड यादी लागली की मग प्रमाणपत्र दाखवू’ असे म्हणणाऱ्याचा लाभ हातचा जातो. अर्धवेळ कामाच्या अनुभवाला कमी लेखून तो अर्जात लिहावयाचाच नाही, ही सवय या एका उदाहरणावरून तरी सोडून द्यावी.

बोलण्याने ठरणारे तास

आता दुसऱ्या वर्गाकडे वळू. पतसंस्था, खासगी विनाअनुदानित शाळा, डॉक्टरांचा दवाखाना, औषधांचे दुकान, हिशेबनीसाचे कार्यालय, पर्यटकांचे निवासस्थान, गावचे वाचनालय, ही गावात व तालुक्याच्या ठिकाणी मिळणारी कामे. येथे तास ठरविणारा माणूस समोर असतो आणि त्याच्याशी बोलता येते. या बोलण्यासाठी चार वेळा संभवतात : अर्जात, मुलाखतीच्या आरंभी, निवड कळल्यावर होकारापूर्वी आणि रुजू झाल्यावर.

अर्जातच ‘चार तासांच्या अटीवर’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला उमेदवाराच्या गुणांआधी त्याची अडचण दिसते. वीस अर्ज समोर असताना अडचण असलेला अर्ज प्रथम बाजूला पडतो. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, तो निवडीच्या घाईचा परिणाम असतो. मुलाखतीच्या आरंभी हा विषय काढला तरी तेच होते. उलट, रुजू होऊन पहिला महिना भरल्यावर ‘उद्यापासून दुपारी दोनला जावे लागेल’ असे सांगितले, तर मालकाने त्या जागेसाठी नाकारलेली इतर माणसे तोवर दुसरीकडे गेलेली असतात. त्याचे म्हणणे रास्त ठरते आणि उमेदवाराची पत जाते. लहान गावात पत एकदा गेली की ती परत मिळविण्यास वर्षे लागतात.

या दोन टोकांच्या मधली वेळ ही सर्वांत योग्य होय. ‘तुमची निवड केली आहे’ हे शब्द ऐकल्यानंतर आणि ‘येते’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीचा जो अवधी असतो, तो तासांच्या बोलण्याचा खरा काळ. त्या घडीला मालकाने उमेदवाराचे गुण पाहिलेले असतात, त्याला ती व्यक्ती हवी असते आणि उमेदवारानेही अद्याप कोणताही शब्द दिलेला नसतो. दोघेही मोकळे असल्यामुळे बोलणे सरळ होते.

आचऱ्याच्या लोकांना हे पटण्यास कठीण जाऊ नये. श्री देव रामेश्वराचा कौल झाल्यावर गावपळणीसाठी सारा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहतो. पण निघण्याचा दिवस आधी सर्वांना ठाऊक असतो आणि परतण्यासाठीही कौल घ्यावा लागतो. जाणे-येणे आधी ठरलेले असते म्हणूनच एवढा मोठा गाव एकदिलाने हलतो. कामाच्या तासांचेही तसेच आहे.

या नियमाला तीन अपवाद

पहिला अपवाद, जेथे तासांची मर्यादा मुळीच हलणारी नसते. घरी अंथरुणाला खिळलेले वडील आहेत आणि दुपारी दोननंतर त्यांच्यापाशी दुसरे कोणी नाही, अशी परिस्थिती असेल आणि जाहिरातीत ‘दहा ते सहा’ असे स्पष्ट लिहिले असेल, तर मुलाखतीला जाण्यापूर्वीच निरोप पाठवून विचारावे. यात उमेदवाराचा प्रवासखर्च वाचतो आणि मालकाचा वेळही वाचतो. दुसरा अपवाद, जेथे मालक स्वतःच मुलाखतीत ‘ताई, वेळ किती देता येईल?’ असे विचारतो. त्या वेळी सरळ उत्तर द्यावे. प्रश्न विचारला गेल्यावर दिलेले अर्धसत्य हे असत्यच असते आणि ते पुढे बाधते. तिसरा अपवाद, जेथे जाहिरातीतच ‘पूर्णवेळ अथवा अर्धवेळ’ असा उल्लेख असतो. तेथे अर्जातच पसंती लिहावी; मालकाने दार स्वतःच उघडले असताना बाहेर थांबण्याचे प्रयोजन नाही.

विचारावे कसे?

वेळ साधली तरी रीत चुकली, तर काम बिघडते. तासांची विचारणा करणाऱ्याने चार गोष्टी तयार ठेवाव्यात. किती तास देता येतील. ते दिवसाचे कोणते. त्या तासांत कामाचा कोणता भाग पुरा होईल. आणि हंगामात काही फेरफार लागेल काय. केवळ ‘पूर्ण दिवस जमणार नाही’ असे म्हणणाऱ्याला मालक काय उत्तर देणार?

उदाहरणादाखल, एखाद्या पतसंस्थेत लिपिकाच्या जागेसाठी निवड झालेली वाणिज्य पदवीधर गृहिणी सचिवांना असे सांगू शकेल : ‘साहेब, निवड केलीत याबद्दल आभारी आहे. रोजचा रोखव्यवहार सकाळी दहा ते दोन या वेळात जास्त असतो असे आपणच सांगितले. त्या वेळेत खिडकी आणि दिवसाची रोजकीर्द पूर्ण करून देईन. दुपारनंतर घरी सासूबाईंची देखभाल असल्याने थांबता येणार नाही. वार्षिक हिशेबाच्या वेळी, मार्चचे पंधरा दिवस, पूर्ण दिवस येण्याची व्यवस्था करीन. त्या प्रमाणात वेतन ठरवावे, ही विनंती.’ या बोलण्यात अडचण एका वाक्यात येते, बाकी सारी वाक्ये कामाविषयी आहेत. सचिव नाही म्हणू शकतात. पण त्यांना विचार करण्याजोगे काही हाती लागते. नकार मिळाला तरी तो होकारापूर्वी मिळतो, हा लाभ लहान नाही.

लेखी असावे

तोंडी ठरलेले तास हळूहळू वाढत जातात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. दोनला निघावयाचे ठरलेले असते. एके दिवशी अडीच होतात, पुढे तीन, आणि वर्षभराने पाच वाजतात. वेतन मात्र जागच्या जागी राहते. म्हणून नियुक्तिपत्रात रोजचे तास, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, साप्ताहिक सुटी, वेतन आणि जादा तासांचा मोबदला, या पाच गोष्टी नमूद करून घ्याव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेने, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. लहान आस्थापनेतही साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी हे लिहून ठेवण्यास कोणाची हरकत असू नये.

वेतनाचाही हिशेब समजून घ्यावा. अर्धवेळ म्हणजे मनाला येईल तेवढा मोबदला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली महाराष्ट्रात निघालेल्या अनेक अधिसूचनांत अर्धवेळ कामगाराच्या ताशी दराची रीतच दिलेली आहे. त्या वर्गाच्या कामगाराच्या दैनिक दराला कामाच्या सामान्य तासांनी भागावयाचे आणि येणाऱ्या रकमेत १५ टक्के वाढ करावयाची. समजा, एखाद्या कामाचा दैनिक दर ४८० रुपये आहे. आठ तासांनी भागल्यास ताशी ६० रुपये येतात. १५ टक्के वाढीने ते ६९ रुपये होतात. चार तासांचे २७६ रुपये झाले. म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम करणाऱ्यास अर्ध्या दिवसाच्या मजुरीहून थोडे अधिकच मिळावे, असा या तरतुदीचा आशय आहे. कारण थोड्या तासांसाठीही येण्याजाण्याचा खर्च व खोळंबा तेवढाच असतो. १९४८ च्या कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. आपल्या रोजगाराला सध्या कोणता दर लागू आहे, हे जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे विचारून घेणे श्रेयस्कर.

आधीच नोकरीत असलेल्यांसाठी

पूर्णवेळ नोकरीत असताना तास कमी करून मागण्याची पाळी बहुधा बाळंतपणानंतर येते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या सुधारणेने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आवश्यक केले आणि कामाचे स्वरूप तसे असल्यास, रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्यास वाव दिला. त्याच सुधारणेने अशीही तरतूद केली की, हे सर्व लाभ प्रत्येक स्त्रीला तिच्या पहिल्या नियुक्तीच्या वेळीच लेखी कळविले पाहिजेत. अडचण उभी राहण्याची वाट न पाहता नियुक्तीच्या घडीलाच बोलणे व्हावे, हे तत्त्व कायद्यानेही पत्करले, असा याचा अर्थ. राज्य शासनाच्या सेवेत तास कमी करण्याची सोय नाही; मात्र महिला कर्मचाऱ्यांसाठी २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर झाली. तेथे रजेचा मार्ग चोखाळावा.

परदेशांत काय आहे, हेही थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. ब्रिटनमध्ये पूर्वी २६ आठवडे सेवा झाल्यावरच तासांत बदल मागण्याचा हक्क मिळे. ६ एप्रिल २०२४ पासून तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतो. जर्मनीत २००१ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार, पंधराहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांच्या सेवेनंतर तास कमी करून मागता येतात. त्याच कायद्याने मालकावर आणखी एक कर्तव्य टाकले आहे. एखादी जागा अर्धवेळ भरण्याजोगी असेल, तर तिच्या जाहिरातीतच तसे सांगावयाचे. या शेवटच्या तरतुदीपासून आपल्या गावांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

जाहिरात देणाऱ्यांचे कर्तव्य

आतापर्यंतचा विचार अर्जदाराच्या बाजूने झाला. पण येथे उपस्थित असलेल्यांपैकी कित्येकजण स्वतः माणसे नेमणारे आहेत. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, शाळेच्या व्यवस्थापनाकडील तात्पुरते शिक्षक, वाचनालयाचा सेवक, बचत गटाचा हिशेब लिहिणारी मुलगी, ही माणसे गावातील मंडळीच निवडतात. जाहिरात किंवा सूचनाफलकावरील नोटीस लिहिताना तास स्पष्ट लिहिले, तर उमेदवाराची अर्धी भीती तेथेच संपते.

पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. त्याचे काम पहाटे दोन तास व सायंकाळी दोन तास असते, म्हणून त्याला अर्धवेळ म्हणतात. पण मधल्या वेळात विजेचा पंप बिघडला की त्यालाच बोलावणे जाते आणि वाडीत पाणी आले नाही की त्याच्याच घरी माणूस जातो. मधला वेळ त्याचा की ग्रामपंचायतीचा, हे कोणी ठरविलेले नसते. ग्रामपंचायत हा किमान वेतन निश्चित झालेला रोजगार आहे, हे सदस्यांनी विसरता कामा नये. तेव्हा नोटिशीत ‘अर्धवेळ’ एवढाच शब्द न लिहिता, पहाटेचे व सायंकाळचे तास, मधल्या वेळातील बोलावण्याचा वेगळा मोबदला आणि सुटीच्या दिवशीची बदली व्यवस्था, हे सारे लिहावे. ठराव करतानाच एवढे केले, तर पुढील कित्येक ग्रामसभांतील वादावादी टळेल.

मुलाखत घेताना स्त्री उमेदवाराला ‘लग्न केव्हा’, ‘मूल केव्हा’ असे प्रश्न विचारण्याची रीतही सोडावी. विचारावयाचे ते कामाच्या तासांविषयी विचारावे आणि पुरुष उमेदवारालाही तेच विचारावे. अनेक पुरुषांनाही हंगामात बागेसाठी किंवा होडीसाठी वेळ हवा असतो. पण त्यांना कोणी विचारीत नाही, म्हणून ते न सांगताच गैरहजर राहतात.

जेथे तासांचा हिशेब ठेवण्याची गरजच नाही, अशी कामे गावात वाढविणे हाही एक मार्ग आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले. सकाळी भिजवलेले पीठ न्यावयाचे, घरी सवडीने पापड लाटावयाचे आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यावयाचे. मोबदला लाटलेल्या पापडांवर. घरच्या वेळेला धक्का न लावता हजारो बहिणींना त्यातून मिळकत झाली. कोकम, काजू, आंबापोळी, सुकी मासळी यांवरील कामे या पद्धतीने कितपत चालविता येतील, याचा विचार येथील बचत गटांनी अवश्य करावा. अशा कामात दर ठरविताना मात्र एका तासात साधारण किती काम उरकते हे मोजून पाहावे; नाही तर तासांचा प्रश्न मिटतो आणि तुटपुंज्या मोबदल्याचा उभा राहतो.

शिक्षकांसाठी दोन शब्द

शाळा-महाविद्यालयांत अर्ज लिहावयास शिकविले जाते. ‘महोदय’ कोठे लिहावे, सही कोठे करावी, हे मुलांना येते. जाहिरात कशी वाचावी हे मात्र क्वचितच शिकविले जाते. एखाद्या वर्तमानपत्रातील पाच जाहिराती वर्गात आणून, प्रत्येकीत तास लिहिले आहेत काय, ते कोण ठरविणार, विचारावयाचे झाल्यास केव्हा विचाराल, एवढे तीन प्रश्न दहावी-बारावीच्या मुलामुलींना सोडवावयास द्यावेत. नियुक्तिपत्राचा एक नमुना वाचून दाखवावा. ताशी दराचे वर सांगितलेले गणित फळ्यावर करून घ्यावे. एका तासिकेचे हे काम आहे. पण त्या मुलांपैकी एखादीला पुढे नोकरीच्या उंबरठ्यावर ते नेमके आठवेल.

सारांश असा. तास नियमांनी ठरलेले असतील तर अर्जापूर्वी चौकशी करावी. तास माणसाने ठरवावयाचे असतील तर निवडीनंतर व होकारापूर्वी बोलावे. मर्यादा हलणारी नसेल किंवा समोरच्याने विचारले असेल, तर त्याच क्षणी सांगावे. जे ठरेल ते लिहून घ्यावे. आणि ज्यांच्या हाती माणसे नेमण्याचे काम आहे, त्यांनी तास नोटिशीतच लिहावेत. ग्रामपंचायतीच्या पुढच्या मासिक सभेत नेमणुकीचा एखादा विषय असेल, तर सुरुवात त्याच नोटिशीपासून करता येईल.